गोव्याहून गेलेले पाखरू
पक्षिचित्रणाच्या चार शतकांचा मागोवा

देवतांना वाहने नेमून देताना भारतीय मनाने पक्ष्यांचा मोठा सन्मान केला आहे. विष्णूला गरुड, कार्तिकेयाला मयूर, सरस्वतीला हंस, लक्ष्मीला घुबड आणि शनैश्चराला कावळा अशी ही परंपरा आहे. देवळात पाऊल ठेवणाऱ्या भाविकाला हात जोडून बसलेला गरुड दिसतो, गर्भागारातील समईच्या टोकावर हंस वा मोर दिसतो. गोमंतकातील जुन्या वास्तूंच्या भिंतींवर, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावीचा थर देऊन तो अणकुचीदार हत्याराने कोरून काढण्याची जी कावीकला बहरली, तिच्यातही वेलबुट्टीच्या जोडीला पक्ष्यांच्या आकृती आल्या. अजिंठ्याच्या लेण्यांत तर हंसांच्या रांगा आहेत, आणि सतराव्या लेण्यात हंसजातकाची संपूर्ण कथाच चितारलेली आहे.

ह्या सर्व पक्ष्यांत एक समान धर्म आहे. ते मुख्यत्वे पक्ष्यांच्या कल्पना आहेत. गरुड घडविणाऱ्या शिल्पकाराने रानात जाऊन गरुडाची पिसे मोजली नव्हती आणि तशी त्याला आवश्यकताही नव्हती. त्याला भक्ती आणि सामर्थ्य दाखवावयाचे होते. म्हणूनच त्याने पक्ष्याला मानवी देह आणि जोडलेले हात दिले. ह्या दृष्टीने ती कला परिपूर्णच होय.

परंतु ह्याहून निराळी अशी दुसरीही एक परंपरा ह्या देशात निर्माण झाली. अमुक एका दिवशी, अमुक एका स्थळी डोळ्यांसमोर आलेला एकच एक पक्षी, तो जसा होता तसा कागदावर उतरविणे, हे तिचे ब्रीद होते. ह्या परंपरेच्या एका महत्त्वाच्या प्रकरणाचा आरंभ गोवा बंदरात झालेल्या एका खरेदीने होतो, ही गोष्ट गोमंतकीयांना फारशी ठाऊक नाही.

बंदरातील खरेदी

गोवे शहर आणि मोगल दरबार यांचा संबंध अकबराच्या काळापासूनचा. अकबराने १५७५ साली हाजी हबीबुल्ला नामक आपल्या माणसाला, तेथील नवलाईच्या वस्तू आणि कारागिरी समजून घेण्यासाठी, गोव्याला धाडले होते. पुढे १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचे पहिले मंडळ फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. त्यांनी बरोबर नेलेल्या छापील ग्रंथांतील आणि चित्रांतील छायाप्रकाशाची पद्धत मोगल चितारखान्याने बारकाईने न्याहाळली व आपल्या पद्धतीने पचविली.

अकबरानंतर गादीवर आलेल्या जहांगीराला निसर्गाचे विलक्षण वेड होते. १६१२ च्या सुमारास खंबायतचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाला त्याने काही राजकीय कामांसाठी गोव्यास पाठविले, आणि त्याच वेळी बंदरात जे जे दुर्मीळ मिळेल ते बादशहासाठी खरेदी करण्याची आज्ञा दिली. खानाने फिरंग्यांनी सांगितलेल्या किमतीस मागेपुढे न पाहता वस्तू घेतल्या. त्या काळात तिसवाडी, साष्टी आणि बारदेश पोर्तुगीज अंमलाखाली येऊन बराच काळ लोटला होता. तेथील अनेक दैवते नदीपार अंत्रुजात, विजापूरकरांच्या मुलखात, स्थिरावली होती. अशा ह्या गोव्याहून खानाने जी चमत्कारिक जनावरे दरबारात सादर केली, त्यांत एक पक्षी होता. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन केले आहे. तो लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान होता. माज आला की मोरासारखी पिसे पसरी. त्याची चोच आणि पाय कोंबड्याचे होते. आणि त्याचे डोके, मान व गळ्याखालची लोंबती कातडी क्षणोक्षणी रंग बदलीत असे. ती कधी पोवळ्यासारखी तांबडी, कधी कापसासारखी पांढरी, तर कधी पिरोजासारखी निळी दिसे.

हा पक्षी म्हणजे टर्की होय. त्याचे मूळ घर मेक्सिकोकडे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी तो जगभर नेला, आणि जेथे तेथे लोकांनी त्याच्या गावाविषयी चुकीचा तर्क केला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा मानले, फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचे नाव दिले, आणि पोर्तुगीज भाषेत तो पेरू देशाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. एका पक्ष्याला तीन देशांची नावे मिळाली आणि तिन्ही चुकीची ठरली. नाव फसवे असते, वर्णनही ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच रूप घेते. जहांगीराला ह्याची जाणीव असावी. आपल्या पणजोबाने, म्हणजे बाबराने, हिंदुस्थानातील प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढविली नाहीत, असे तो नमूद करतो. आणि म्हणूनच, ऐकून होणारे नवल पाहून अधिक व्हावे ह्या हेतूने, ही जनावरे चितारण्याची आज्ञा आपण दिली असे सांगतो. पक्षिचित्राचे प्रयोजन इतक्या स्पष्ट शब्दांत मांडणारा दुसरा राजा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

उस्ताद मन्सूर

बादशहाच्या आज्ञेने ज्याच्या कुंचल्यातून तो टर्की कागदावर उतरला, त्याचे नाव उस्ताद मन्सूर. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात पक्षी बाजूने दाखविला आहे. पिसांवरचे आडवे पट्टे, गळ्यावरच्या सुरकुत्या आणि पायांवरचे खवले इतक्या निष्ठेने रंगविलेले आहेत की, चारशे वर्षांनंतरही पक्षिशास्त्रज्ञाला ओळख पटविण्यास क्षणभरही थांबावे लागत नाही.

मन्सूरची घडण अकबराच्या चितारखान्यात झाली. तेथे एक चित्र बहुधा अनेकांच्या हातून तयार होई. एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी, आणि चेहरे तिसरा करी. बाबराच्या आत्मवृत्ताचा १५८९ साली फारसी अनुवाद झाल्यावर त्याच्या ज्या सचित्र प्रती सिद्ध झाल्या, त्यांतील प्राणिचित्रांत मन्सूरचा हात दिसतो. खारीच्या केसांचा कुंचला, खनिज व वनस्पतिज रंग, आणि अकीक दगडाने घोटून गुळगुळीत केलेला कागद ही त्याची साधने होती. जहांगीराच्या कारकिर्दीत मात्र एका चित्रकाराने एक संपूर्ण चित्र करावे आणि त्यावर त्याचे नाव असावे, ही रीत बळावली. जहांगीराने मन्सूरला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या युगातील अद्वितीय, हा किताब दिला. १६२० साली बादशहा काश्मीरला गेला असता मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, अशी नोंद आहे.

राजाश्रय असला तरी ही कला केवळ हौसेची नव्हती. तिच्या पाठीशी निरीक्षणाची शिस्त होती. जहांगीराने लैला आणि मजनू अशी नावे दिलेले सारस पक्ष्यांचे एक जोडपे पाळले होते. त्यांचे मीलन, अंडी घालणे, नरमादीने आळीपाळीने अंडी उबविणे आणि चौतिसाव्या दिवशी पिले बाहेर येणे, हे सारे त्याने टिपून ठेवले. पुढे १९२७-२८ साली सलीम अली यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात मोगल बादशहांवर निसर्ग-अभ्यासक म्हणून लेखमाला लिहिली, तेव्हा अशा नोंदींचे मोल आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने पारखले गेले.

१६१९ सालचा एक प्रसंग विशेष बोलका आहे. इराणच्या शाह अब्बासने जहांगीराला एक उमदा ससाणा भेट म्हणून पाठविला. वाटेत शिकारखान्याच्या अधिकाऱ्याच्या हलगर्जीमुळे एका मांजराने त्याला जखमी केले. दरबारात पोहोचल्यावर तो आठवडाभरही जगला नाही. त्याच्या रूपाने बादशहा इतका मोहित झाला होता की, त्याने मन्सूरला त्याचे चित्र काढून जपून ठेवण्यास सांगितले. पक्षी गेला तरी त्याचे रूप उरावे, ही इच्छा येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसते. ती इच्छा किती दूरदर्शी होती, हे त्या काळी कोणालाही कळणे शक्य नव्हते.

चित्र उरले, पक्षी गेला

मॉरिशस बेटावर डोडो नावाचा एक जाडजूड, उडता न येणारा पक्षी राहत असे. १५९८ साली डच खलाशी त्या बेटावर उतरले. माणसाने केलेली शिकार आणि जहाजांबरोबर आलेले डुकरे, उंदीर व माकडे ह्यांच्यामुळे एका शतकाच्या आत हा पक्षी पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. त्याच्या अखेरच्या दर्शनाची सर्वमान्य नोंद १६६२ सालची आहे. यूरोपात त्याची जी चित्रे निघाली, त्यांतील पुष्कळशी ऐकीव माहितीवर, पेंढा भरलेल्या कातड्यावर किंवा आधीच्या चित्रांवरून काढलेली असल्याने विश्वसनीय नाहीत.

सेंट पीटर्सबर्ग येथील प्राच्यविद्येच्या संग्रहात मात्र एक मोगल चित्र आहे. त्यात इतर पक्ष्यांच्या मध्यभागी डोडो उभा आहे. १९५८ साली रशियन अभ्यासक इव्हानोव्ह यांनी ते जगापुढे आणले. चित्रावर सही नाही. तथापि शैलीवरून ते मन्सूरचे असावे असे मानले जाते. त्याच सुमारास हिंदुस्थानात असलेला पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेच्या वखारीत आपण दोन डोडो पाहिल्याचे लिहून गेला आहे. म्हणजे जिवंत डोडो ह्या देशात आले होते. चित्रातील डोडोच्या अवतीभवतीचे हिंदुस्थानी पक्षी सहज ओळखू यावेत इतके अचूक आहेत. त्यामुळे मधला डोडोही तितकाच खरा असला पाहिजे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. डोडोच्या रंगरूपाविषयीच्या सर्वाधिक विश्वसनीय पुराव्यांत ह्या चित्राची गणना होते. ज्या चित्रकाराने हा पक्षी आणखी काही दशकांत नामशेष होणार हे जाणले नव्हते, त्याच्या प्रामाणिकपणाने शास्त्राला हा पुरावा मिळाला.

मन्सूरचे आणखी एक चित्र कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे. ते सायबेरियन क्रौंचाचे. शुभ्र अंगाचा, लाल चेहऱ्याचा हा पाहुणा दूर उत्तरेकडून हिवाळ्यात येत असे. यूरोपीय शास्त्राने त्याला नाव दिले ते १७७३ साली, पीटर पल्लास ह्या निसर्गशास्त्रज्ञाने. मन्सूरने त्याचे यथातथ्य चित्र त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे काढून ठेवले होते. पुढे हा पक्षी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत हिवाळा काढी. अफगाणिस्तान व पाकिस्तानच्या वाटेवरील शिकार आणि पाणथळ जागांचा ऱ्हास ह्यांमुळे त्याची संख्या घटत गेली. १९६० च्या दशकात दोनशेच्या आसपास असलेला भरतपूरचा थवा २००२ च्या हिवाळ्यात एका जोडीवर येऊन ठेपला. त्यानंतर तो तेथे आला नाही. आता भरतपूरला जाणाऱ्या प्रवाशाला सायबेरियन क्रौंच पाहावयाचा असेल तर जुनी छायाचित्रे किंवा मन्सूरचे चित्र ह्यांवाचून गत्यंतर नाही.

कलकत्त्यातील प्राणिसंग्रह

मोगल सत्ता खिळखिळी झाली तेव्हा चितारखान्यातील कलावंत पाटणा, मुर्शिदाबाद, लखनौ अशा शहरांतून विखुरले. नवा आश्रयदाता होता ईस्ट इंडिया कंपनीचा अंमलदार. १७७४ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून सर एलिजा इम्पे आले. त्यांची पत्नी मेरी इम्पे हिने आपल्या बागेत पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह केला. आणि १७७७ पासून त्यांची चित्रे काढण्यासाठी पाटण्याचे तीन चित्रकार नेमले. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास अशी त्यांची नावे. १७८३ साली इम्पे दांपत्य विलायतेस परतले तोपर्यंत तीनशेहून अधिक चित्रे सिद्ध झाली होती, आणि त्यांतील बहुसंख्य पक्ष्यांची होती.

ह्या चित्रांत दोन प्रवाहांचा संगम दिसतो. कागद मोठ्या आकाराचा, विलायती, रंग पाण्याचे, मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी, कारण आश्रयदात्यांना शास्त्राला उपयोगी पडतील अशी चित्रे हवी होती. परंतु पिसापिसाचा मऊपणा, फांदीवरच्या पानाला पडलेले किड्याचे भोक, पक्ष्याच्या डोळ्यातील चमक ही मोगल घराण्याची पुण्याई होती. शक्य तेथे पक्षी खऱ्या आकाराएवढा काढला जाई. जॉन लेथम ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने कित्येक पक्ष्यांची वर्णने ह्या चित्रांच्या आधारे केली.

येथे एका गोष्टीचा विचार केल्यावाचून राहवत नाही. हिमालयातील मोनाल ह्या इंद्रधनुषी रंगाच्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात लेथमने लेडी इम्पे हिचे नाव गुंफले, आणि ते आजही कायम आहे. चित्रकाराचे नाव मात्र चित्राच्या कोपऱ्यात, फारसी अक्षरांत राहिले. तेही राहिले हे भाग्यच म्हणावयाचे. कारण कंपनीच्या काळात हिंदुस्थानी चित्रकारांनी काढलेली शेकडो पक्षिचित्रे ज्या साहेबाने ती काढविली त्याच्याच नावाने ओळखली जातात, आणि चितारणाऱ्याची ओळख कायमची पुसली गेली आहे. इम्पे संग्रहाच्या मालकिणीने चित्रकारांची नावे चित्रावर लिहू दिली, म्हणूनच आज झैनुद्दीन आणि भवानीदास ह्यांची गणना जगातील श्रेष्ठ पक्षिचित्रकारांत होऊ शकते.

भवानीदासाने काढलेल्या पक्ष्यांत गुलाबी डोक्याचे एक बदक आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील उंच गवताच्या दलदलीत राहणारे हे बदक पुढे फार दुर्मीळ झाले. १९३५ साली बिहारमध्ये त्याची अखेरची खात्रीलायक नोंद झाली. इंग्लंडमधील एका खाजगी संग्रहात काही बदके त्यानंतरही थोडी वर्षे जगली. तेथे त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. ह्या बदकाच्या बाबतीत कुंचला आणि कॅमेरा दोघांचीही साक्ष उपलब्ध आहे, पण पक्षी मात्र नाही.

कुंचल्याकडून काचेकडे

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला. तथापि उडता पक्षी त्याच्या हाती लागावयास अर्धशतक जावे लागले. त्या काळच्या रासायनिक काचा मंद होत्या, त्यांना दीर्घ काळ प्रकाश द्यावा लागे आणि तेवढा वेळ पक्षी स्थिर राहत नसे. त्यामुळे आरंभीची बरीचशी पक्षिछायाचित्रे ही मेलेल्या वा पेंढा भरलेल्या पक्ष्यांची आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन ह्या बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली संपूर्णपणे छायाचित्रांनी सजलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक सिद्ध केले. पक्ष्याजवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर ताणून एक खोटा बैल तयार केला होता. त्याच्या पोटात छायाचित्रकार आणि त्याचा कॅमेरा लपून राही.

लपण्याची ही युक्ती पुढे कापडाच्या राहुटीच्या रूपाने सर्वत्र रूढ झाली. मराठी पक्षिमित्रांनी तिला ‘लपण’ हा सुटसुटीत शब्द दिला आहे. पक्षी परत परत एकाच जागी येतो ती जागा म्हणजे घरटे; म्हणून लपण घरट्यापाशी उभारले जाई. ह्या कामास धैर्य लागे आणि कधी किंमतही मोजावी लागे. एरिक हॉस्किंग ह्या नामवंत इंग्रज छायाचित्रकाराला १९३७ साली घरट्याजवळ घुबडाने मारलेल्या झेपेत एक डोळा गमवावा लागला. तरीही त्याने पुढे आयुष्यभर हेच कार्य केले.

हिंदुस्थानात रेल्वेच्या नोकरीत असलेल्या लोदर ह्या इंग्रज गृहस्थांनी अनेक वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचे अनुभवकथन १९४९ साली प्रसिद्ध झाले. मलायाचे धनाढ्य चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात राहिले, आणि येथे सलीम अलींच्या सहवासात त्यांची पक्षिछायाचित्रणाची कला फुलली. १९६४ साली एका विमान अपघातात त्यांचे निधन झाले. कर्नाटकातील सांडूरच्या मराठी घोरपडे राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे हे राजकारणात अर्थमंत्रिपदापर्यंत पोहोचले. पण वन्यजीव-छायाचित्रकार म्हणूनही त्यांची कीर्ती झाली, आणि त्यांचा छायाचित्रांचा ग्रंथ १९८३ साली प्रकाशित झाला. इकडे मराठीत मारुती चितमपल्ली ह्यांनी पक्ष्यांना शब्दरूप दिले आणि जुन्या ग्रंथांतील व आदिवासींच्या बोलीतील पक्षिनामे गोळा करून कोशरूपाने मांडली. २०२५ साली ते निवर्तले.

खोटी नोंद आणि खरे छायाचित्र

चित्राची खरी कसोटी सचोटी ही होय. तिचे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले आहे. वनपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड मध्य भारताच्या सागवानी रानात राहते. ॲलन ह्यूम ह्यांनी १८७३ साली त्याची नोंद केली. त्यानंतर मोजके नमुने गोळा झाले, त्यांतील अखेरचे १८८४ साली खानदेशात डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्याने मिळविले. पुढे मेनरट्सहॅगन ह्या इंग्रज कर्नलने आपण १९१४ साली गुजरातेत एक वनपिंगळा मारल्याचे नमूद केले, आणि त्या नोंदीवर अनेक वर्षे विश्वास ठेवण्यात आला.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने संग्रहालयातील त्या नमुन्याची कसून तपासणी केली. तेव्हा उघडकीस आले की, तो नमुना डेव्हिडसनने गोळा केलेला, ब्रिटिश संग्रहालयातून लांबविलेला, आणि पुन्हा नव्याने शिवून खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोटी नोंद वगळल्यावर शोध कोठे घ्यावयाचा हे स्पष्ट झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि शहाद्याजवळच्या रानात एका उघड्या फांदीवर, भर दिवसा, वनपिंगळा बसलेला त्यांना आढळला. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. एकशे तेरा वर्षे ज्याचा खरा माग लागला नव्हता, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा बंदुकीचा बार न काढता मिळाला. पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जे जहांगीराला खजिना रिता करून आणि मन्सूरला दिवसचे दिवस खर्चून साधावे लागे, ते आता निमिषार्धात होते. परंतु सुलभतेबरोबर जबाबदारी वाढते. घरट्यापाशी गर्दी केली, आडोशाच्या फांद्या छाटल्या की आईबाप अंडी सोडून जातात आणि कावळ्याघारींना आयती वाट मिळते. म्हणूनच विणीच्या काळातील घरट्यांची छायाचित्रे स्वीकारावयाची नाहीत असा नियम अनेक स्पर्धांनी केला आहे. जे चित्र पक्ष्याच्या जिवावर उठते ते कितीही सुंदर असले तरी त्याला साक्षीचे मोल उरत नाही.

आपल्या अंगणातील वारसा

गोमंतकाचा ह्या इतिहासाशी संबंध टर्कीपाशी संपत नाही. १९७६ साली रॉबर्ट ग्रब आणि सलीम अली ह्यांनी गोव्यातील पक्ष्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८८ साली मांडवीतील चोडण बेटाच्या टोकावरील खारफुटीला सलीम अलींचे नाव देऊन पक्षी अभयारण्य घोषित करण्यात आले. पणजीपासून हाकेच्या अंतरावर, होडीतून जाता जाता खंड्या, बगळे आणि हिवाळी पाहुणे पाहावयास मिळतात. नदीच्या ज्या पात्रातून एकेकाळी नवलाईच्या वस्तूंनी भरलेली जहाजे ये-जा करीत, त्याच पात्राच्या काठी आज आपले स्वतःचे पक्षी पाहण्यासाठी अभ्यासक येतात.

देवस्थानांच्या महाजन मंडळींना ह्या परंपरेत दोन ठिकाणी प्रत्यक्ष वाटा उचलता येण्यासारखा आहे. पहिले ठिकाण म्हणजे देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या ह्या रानांत जुने, ढोलीचे वृक्ष शिल्लक राहतात. आणि धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याला घरट्यासाठी अशीच ढोली हवी असते. मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, आणि लहानशा फटीतून नर तिला आणि पिलांना आठवडेच्या आठवडे फळे भरवतो. जुना वृक्ष पडला की हा संसारच उघड्यावर येतो. पूर्वजांनी धर्मभावनेने राखलेली ही झाडे आज शास्त्राच्या दृष्टीनेही अनमोल ठरली आहेत.

दुसरे ठिकाण देवळाच्या भिंती. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीने नटलेल्या कित्येक भिंतींवर तैलरंग चढले, कित्येक फरशीखाली झाकल्या गेल्या आणि काही जमीनदोस्त झाल्या. जीर्णोद्धार हे पुण्यकार्य आहे, ह्यात शंका नाही. काळाच्या ओघात वास्तू दुरुस्त करणे अटळच असते. परंतु भिंतीला हात लावण्यापूर्वी तिच्यावरील मोर, पोपट, वेली आणि देवतांच्या आकृतींची नीट छायाचित्रे घेऊन ती देवस्थानच्या दप्तरात ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. त्यांच्यासोबत ज्या कारागिरांनी ते काम केले त्यांची नावे वृद्ध मंडळींच्या स्मरणात असतील, तर तीही लिहून ठेवावीत. कलकत्त्याच्या चित्रकारांचे जे भाग्य कोपऱ्यातील चार अक्षरांनी टिकविले, ते आपल्या कारागिरांच्या वाट्याला येऊ नये असे काही नाही.

१६१२ साली गोव्याहून गेलेला तो टर्की केव्हाच मरून गेला. त्याला विकत घेणारा खान, त्याच्या नवलाने हरखलेला बादशहा आणि ज्यांनी त्याची किंमत वसूल केली ते फिरंगी व्यापारी, ह्यांपैकी कोणीही उरले नाही. उरले ते मन्सूरने पाहून काढलेले चित्र. पाहिले तसे काढावे, काढणाऱ्याचे नाव राखावे, आणि ज्याचे चित्र काढले त्याला इजा होऊ देऊ नये, ही तीन पथ्ये ज्या ज्या पिढीने पाळली, तिच्या हातून पुढच्या पिढीला काहीतरी मिळाले आहे. देवळाचे दप्तर, देवराईची हद्द आणि भिंतीवरचा कावीचा मोर ह्या तिन्ही गोष्टी आज महाजनांच्याच स्वाधीन आहेत.